आईची दाढ आणि बद्रीची वाट

मराठीच्या तासाला ‘वेदना’ हा शब्द आम्हा प्राध्यापकांच्या तोंडी दिवसातून किती वेळा येतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. कवीची वेदना, स्त्रीची वेदना, विस्थापिताची वेदना, अस्तित्वाची वेदना. या मालिकेत दाढदुखीला जागा मिळालेली मी पाहिलेली नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आजारपणावरील आपल्या निबंधात याच गोष्टीचे नवल केले आहे. प्रेम, युद्ध आणि मत्सर यांच्या पंक्तीला साहित्यात आजार का बसला नाही, असे ती विचारते आणि दातदुखीवर भावगीते लिहिली जायला हवी होती, असे अर्धवट थट्टेने म्हणते. मी हा निबंध वर्गात अनेकदा सांगितला आहे. मुले हसतात, मीही हसते. २०१८ च्या मे महिन्यानंतर मात्र त्या ठिकाणी मला पूर्वीसारखे हसता येत नाही.

आईची बद्रीनाथाला जाण्याची इच्छा तिच्या लग्नाआधीपासूनची. तिच्या आजीने तिकडून आणलेला गंगेचा गडू माहेरच्या देवघरात होता आणि तो फोडला गेला त्या दिवसाची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण संसारात यात्रेला पैसा नव्हता. पैसा आला तेव्हा वडिलांचे आजारपण आले. वडील गेल्यावर दोन वर्षांनी मी विषय काढला तेव्हा ती हसून म्हणाली, “दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.” वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ही म्हण तिने सहज वापरली असे मला वाटले. त्या म्हणीतला एक शब्द ती अगदी शब्दशः वापरत होती, हे माझ्या लक्षात आले नाही.

केदारनाथची चढण तिच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. बद्रीनाथला मात्र गाडी थेट जाते, म्हणून तेवढेच ठरवले. आई, मावशी आणि मी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत करून मी तयारीला लागले. आमच्या घरी प्रवासाची यादी करण्याची जुनी पद्धत आहे. स्वेटर, कानटोप्या, लोकरी मोजे, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, विरळ हवेत हुंगायला कापूर, मेतकूट, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू. आईला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला. उंचीवर जायला हरकत नाही, असा निर्वाळा मिळाला. या सगळ्यात तिला कुणी एकदाही ‘आ’ करायला सांगितले नाही. यादीत दात नव्हतेच.

खुणा मात्र होत्या. संक्रांतीला तिने गुळाची पोळी दुधात कुस्करून खाल्ली होती. भाकरी ती आमटीत बराच वेळ भिजवून ठेवी आणि एकाच बाजूने चावी. चार वर्षांपूर्वी निग्रहाने सोडलेली मिश्री तिने पुन्हा सुरू केल्याचा वास मला एकदा आला होता. त्यावर मी व्याख्यान दिले, पण ती पुन्हा का सुरू झाली हे विचारले नाही. चैत्रात तिचा गाल दोन दिवस सुजला होता. तेव्हा मी एका चर्चासत्रासाठी परगावी होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी सूज उतरली, आणि आपण बऱ्या झालो असे तिने ठरवून टाकले. दाढ काढायला गेलो तर डॉक्टर प्रवासाला नको म्हणतील, ही भीती तिला होती. हे तिने पुढे स्वतःच सांगितले.

पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार आणि तिथून भाड्याची गाडी. रेल्वेत ती गालाला हात लावून बसली होती. विचारले तर म्हणाली, “काही नाही गं, हिरडी जरा हुळहुळतेय.” रुद्रप्रयागच्या मुक्कामात मध्यरात्री जाग आली तेव्हा ती अंधारात पलंगावर बसून होती. खोलीत लवंगेचा वास होता. लवंगेतल्या युजेनॉलने दुखरी जागा काही काळ बधिर होते. आपल्या आज्या-पणज्यांना हे नाव माहीत नसले तरी गुण माहीत होता. मात्र लवंग वेदना झाकते, दाढेच्या मुळाशी साठलेला पू काढत नाही.

दुसरा मुक्काम जोशीमठला होता (२०२४ पासून या गावाचे अधिकृत नाव ज्योतिर्मठ असे झाले आहे). तिथून बद्रीनाथ जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी उठून पाहते तो आईचा उजवा गाल आणि जबड्याखालचा भाग दगडासारखा घट्ट सुजलेला. अंगात ताप. चहाचा घोट गिळताना ती डोळे मिटून घेत होती. तिला तोंड नीट उघडताच येत नव्हते.

गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने तिच्या दोन दातांच्या ओळींमध्ये आपली बोटे घालून पाहण्याचा प्रयत्न केला; एकच बोट जेमतेम गेले. जिभेखाली, हनुवटीखाली दाबून पाहिले, रक्तातली साखर तपासली, इंजेक्शन दिले आणि मला बाजूला घेऊन शांतपणे समजावले. खालच्या दाढेतला संसर्ग जबड्याखाली उतरला आहे. तो जिभेखालच्या आणि गळ्याच्या भागात पसरला, तर सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते. मधुमेहामुळे धोका अधिक. चीर देऊन पू काढण्याची सोय इथे नाही. आजच्या आज ऋषिकेशला न्या. वर जाऊ नका, खाली जा.

या प्रकारच्या सुजेचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली करून ठेवले आहे आणि प्रतिजैविके येण्यापूर्वी तिने असंख्य माणसे दगावत, हे मी नंतर वाचले. त्या सकाळी मला एवढेच कळत होते की एक वाट वर जाते आहे आणि एक खाली.

“दोन तासांचा तर रस्ता,” आई म्हणाली. “दर्शन घेऊ, मग तू नेशील तिथं येते.” जबडा उघडत नसल्यामुळे शब्द दातांच्या फटीतून बाहेर पडत होते. मावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “अगं, इतकं दारात येऊन माघारी कसं जायचं?” आईने माझा हात धरला. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. तिचे निम्मे शब्द मला कळत नव्हते. ‘दाताच्या कण्या करणे’ हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना समजावत आले आहे: अतिशय विनवण्या करणे. त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासमोर तो घडत होता, आणि मी नाही म्हणत होते. आयुष्यात तिने माझ्याकडे फारसे काही मागितलेले नाही. जे एक मागितले ते मी दिले नाही.

गाडी उताराला लागण्यापूर्वी आमच्या गढवाली चालकाने नरसिंहाच्या मंदिराच्या बाजूला हात केला. हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे बंद झाले की बद्रीविशालाची पूजा इथे होते, म्हणून माताजींनी इथूनच हात जोडावेत, असे त्याने सुचवले. त्याचा हेतू सांत्वनाचा होता. आईने हात जोडले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पण आत्ता तर तो वर आहे.”

जवळजवळ अडीचशे किलोमीटरचा तो उतार. येताना ज्या संगमांना थांबून नमस्कार केले होते, ते नंदप्रयाग, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग, देवप्रयाग आता उलट्या क्रमाने मागे पडत होते आणि मी फक्त तिच्या श्वासाकडे कान लावून होते. ऋषिकेशला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. त्याच रात्री एका मोठ्या रुग्णालयात जबड्याखाली चीर देऊन पू काढला, शिरेतून औषधे सुरू झाली, दाढही काढली. साखर आटोक्यात यायला चार दिवस लागले. तिथल्या शल्यचिकित्सकांनी मला एकच प्रश्न विचारला, “यांची दाढ किती महिने दुखत होती?” मला उत्तर देता आले नाही. आईने बोटे दाखवली: पाच.

दात प्रवासात अचानक दुखू लागतो असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो घरीच दुखत असतो. घरी आपण बाजू बदलून चावतो, गरम-थंड टाळतो, उद्यावर ढकलतो. आणि घरच्या दिनक्रमात हे खपून जाते. प्रवासात झोप मोडते, चहा-साखरेचे घोट वाढतात, रात्रीचे दात घासणे रेल्वेच्या वरच्या बाकावर राहून जाते, खाणे आपल्या हातात राहत नाही. मग दाबून ठेवलेले वर येते. त्यामुळे प्रवासातल्या दातदुखीवरचा खरा इलाज निघण्यापूर्वी दोन महिने करायचा असतो.

दोन महिने हा काळ मी उगाच म्हणत नाही. दंतवैद्याने नीट तपासून, गरज पडल्यास क्ष-किरण छायाचित्र काढून कीड शोधली, तर साधे सिमेंट भरणे एका भेटीत होते. पण रूट कॅनाल करून वर टोपी बसवायची तर दोन-चार खेपा आणि मध्ये काही आठवडे जातात. दाढ काढली तर जखम भरायला वेळ हवा. अर्धवट रूट कॅनाल किंवा तात्पुरते सिमेंट घेऊन प्रवासाला निघावे का, हे त्या दंतवैद्यालाच विचारावे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. भरलेल्या दातात पोकळी राहून हवा किंवा वायू अडकला असेल तर तो प्रसरण पावून कळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमध्ये हा त्रास ठळकपणे लक्षात आला. प्रवासी विमानाच्या आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. बद्रीनाथ ३,१०० मीटरच्याही वर आहे. आईचे दुखणे संसर्गाचे होते, उंचीचे नव्हे. पण ज्याच्या दाताचे काम अर्धे राहिले आहे, त्याने हेही ध्यानात ठेवावे. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते दंतवैद्याला सांगावे. कोणती वेदनाशामक गोळी आपल्याला चालते, हे निघण्यापूर्वी लिहून घ्यावे.

आता आमच्या घरच्या यादीत एक छोटी पिशवी असते. मऊ ब्रश, दातांत फिरवायचा दोरा, लवंगतेलाची लहान बाटली आणि कापूस, डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी, औषधाच्या दुकानात मिळणारे तात्पुरते सिमेंट, छोटा आरसा, मीठ, कवळी असेल तर तिची डबी. कवळी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवणाऱ्यांच्या कवळ्या धर्मशाळेतच राहतात. दातांच्या क्ष-किरण छायाचित्राचा फोटो आणि दंतवैद्याचा क्रमांक फोनमध्ये असतो. मुक्कामाच्या वाटेवरच्या कोणत्या शहरात दंत महाविद्यालय किंवा मोठे रुग्णालय आहे, हेही आधी पाहून ठेवते.

जे करू नये त्याची यादीही तितकीच महत्त्वाची. दुखऱ्या दाढेशेजारी ॲस्पिरीनची गोळी दाबून धरण्याची सवय अनेकांना असते; तिने हिरडी भाजते. मिश्रीने बधिरपणा येतो आणि तेवढ्यात रोग पुढे सरकतो. सुजेवर गरम शेक देऊ नये. मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन सूज उतरली म्हणजे बरे वाटले असे समजू नये. चैत्रात आईचे तेच झाले होते. आणि चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही दिसले तर पुढचे ठिकाण कितीही जवळ असो, ते सोडून रुग्णालय गाठावे.

एक गोष्ट मात्र प्रवासातच घडते आणि तिला घरची तयारी पुरत नाही. तिथे माहिती हवी. आमच्या एका अभ्यासदौऱ्यात पायऱ्यांवरून घसरून एका विद्यार्थ्याचा पुढचा दात मुळासकट निघाला. सगळे रक्ताकडे पाहत होते. दात कुठे पडला ते कुणी पाहत नव्हते. पक्का दात असा निघाला तर तो शोधावा, मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा, माती असेल तर न घासता-पुसता पाण्यात क्षणभर धरावा आणि जमल्यास लगेच त्याच खाचेत बसवावा. न जमल्यास थंड दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्यावा. दुधाच्या दाताला हे लागू नाही. आईच्या आजारपणानंतर मी हे वाचून ठेवले होते. पायथ्याच्या चहावाल्याने पेलाभर दूध दिले आणि पैसे घेतले नाहीत. तो दात वाचला.

‘ॲना कॅरेनिना’च्या शेवटच्या भागात व्रॉन्स्की सर्बियाच्या युद्धावर निघालेला आहे आणि रेल्वेच्या फलाटावर त्याची दाढ इतकी ठणकते आहे की त्याला बोलणे जड जाते. मग रुळांवरून सरकणाऱ्या चाकांकडे त्याचे लक्ष जाते, ॲना आठवते, आणि त्या आठवणीपुढे दाढेचा ठणका तो विसरतो. एका मोठ्या दुःखाने लहान दुखणे पुसले जाते, असा अर्थ मी वर्षानुवर्षे सांगत आले. ऋषिकेशच्या रुग्णालयात आईच्या उशाशी बसून मला तो प्रसंग वेगळा दिसू लागला. व्रॉन्स्की दाढ विसरला तरी दाढ किडलेलीच राहते. टॉल्स्टॉय ती बरी झाली असे म्हणत नाही. आईनेही पाच महिने एका मोठ्या इच्छेखाली दाढ ठेवून दिली होती. तिच्या सहनशीलतेचे कौतुक करणे मला सोपे होते, कारण त्या सहनशीलतेमुळेच मला कधी काही विचारावे लागले नव्हते. तिने घरातल्या अडचणींबद्दल विचारले की नेहमी ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणावे आणि विषय बंद करावा. मी तो बंद होऊ देत आले.

परत आल्यावर तिने दंतवैद्याच्या सगळ्या खेपा निमूटपणे केल्या. दोन दाढा भरल्या, एक काढली, पुढे अर्धी कवळी बसली. मिश्रीची डबी तिने स्वतः कचऱ्यात टाकली. २०२० च्या मे महिन्यात पुन्हा जायचे ठरले होते. तेव्हा टाळेबंदी आली. नंतर तिच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी उंचीवर जायला मनाई केली. आता ती ऐंशीच्या घरात आहे. बद्रीनाथाचा विषय ती काढत नाही. मावशी मात्र पुढे एका यात्रेबरोबर जाऊन आली. तिने आणलेला प्रसाद आईने कपाळाला लावला आणि कवळीने सावकाश चावून खाल्ला.

मागच्या महिन्यात मी एका चर्चासत्रासाठी नागपूरला निघाले होते. निबंध छापून घेतला होता, तिकीट फोनमध्ये होते, रिक्षा दारात उभी होती. आई उंबऱ्याशी आली. हल्ली ती कुणालाही निघताना एकच प्रश्न विचारते. नातवाला सहलीला जाताना विचारते, शेजारच्या काकांना पंढरपूरला जाताना विचारते.

“दात दाखवलेस का गं?”

माझ्या वरच्या उजव्या दाढेची टोपी तीन महिन्यांपासून सैल झाली होती. परीक्षा, मूल्यांकन समितीचा दौरा, मग हा निबंध. जायचे राहून गेले होते. “काही नाही गं आई, ठीक आहे सगळं,” मी चपला घालता घालता म्हणाले, आणि म्हणताक्षणीच ते वाक्य कुणाचे आहे ते मला कळले.

तिलाही कळले असावे. तिने रिक्षावाल्याला हाताने थांबायची खूण केली, चष्मा नीट केला, माझ्या हातातून फोन घेऊन त्याचा दिवा लावायला सांगितला.

“आ कर बघू.”

मी उंबऱ्यात उभी राहून तोंड उघडले.